कानाडोळा

कायनूच्या जंगलात ऑक्टोबरचा उजेड
उधारीवर मिळतो.
दुपारची कॉफी संपेपर्यंत
मागणारा दारात उभा.

कॅमेऱ्याचं त्या मानाने सोपं आहे:
फ्रेम पंचवीस, शटर एक-पन्नासांश,
रंगाचं तापमान हाताने बांधून टाकायचं,
नाहीतर ढग सरकला की बर्चची झाडं
कावीळ झाल्यासारखी दिसतात.
ऑटोफोकसचा भरवसा धरू नये.
तो पहिल्या काटकीच्या प्रेमात पडतो
आणि मागचं चारशे किलोंचं जनावर
धुक्यात ढकलून देतो.

पाहणं मला येत होतं.
ऐकणं शिकावं लागलं.

पहिल्या वर्षी कॅमेऱ्यावरचाच माइक वापरला.
शिकार मंडळाच्या जेवणात रेइयोने फिल्म लावली
आणि सत्तावीस माणसांनी
सुपाचे चमचे हातात धरून
अकरा मिनिटं नुसता वारा ऐकला.
कुणी काही बोललं नाही.
आमच्याकडे बोलत नाहीत.
मी कानाला खडा लावला.

यंदा लांब नळीचा माइक आणला,
त्याला राखाडी, केसाळ टोपडं.
हाल्लाने ते ससा समजून तोंडात धरलं,
मग सोडून माझ्याकडे पाहिलं,
लबाडी माझीच असल्यासारखं.
दुसरा माइक वाटाण्याएवढा,
बाबांच्या लोकरी बनियनच्या आत
छातीच्या हाडावर चिकटवला.
वरचं नायलॉनचं जाकीट काढायला लावलं,
म्हटलं, हे फार बोलतं.
"मग मी नाही बोललो तरी चालेल," बाबा म्हणाले.

आवाजाची पातळी उणे बारा.
शेजारी तोच आवाज पुन्हा, उणे बत्तीसवर,
गोळीसाठी.
गोळी कुठल्याच मापात मावत नाही,
तिच्यासाठी एक कान अर्धा बहिरा ठेवावा लागतो.
बॅटऱ्या काखेत.
उणे सहा अंशात त्यांनाही
माणसाची ऊब लागते.

दलदलीच्या काठाला तीन तास.
हेडफोनमध्ये बाबांचा श्वास,
आत जाताना बारीक शिट्टी,
चुलीवर विसरलेल्या किटलीची.
इतकी वर्षं एका टेबलाशी जेवलो,
ही कधी ऐकली नव्हती.

मग हाल्लाचं भुंकणं, लांब,
मग तितकं लांब नाही.
आयएसओ सोळाशे. बत्तीसशे.
चित्रात मुंग्या आल्या, येऊ देत.
मूस बाहेर आला आणि उभा राहिला,
आडवा, सबंध,
शिंगांना शेवाळ लोंबत होतं.

शिट्टी थांबली.
टिच्. सेफ्टी उघडली.
मी मोजत होते. नऊपर्यंत मोजलं.
मग पुन्हा टिच्, मऊ,
अंगठ्याने दाबत दाबत,
रात्री उशिरा आलेला माणूस
घरचं दार लावतो तसं.
मूस झाडांत गेला.

वॉकीटॉकीवर बाबा म्हणाले,
"फांदी आड आली. नेम बसला नसता."
"हं," रेइयो म्हणाला.

माझ्या चित्रात फांदी नाही.
गवत आहे, पाणी आहे,
आणि फोकस थेट त्याच्या डोळ्यावर,
दोन वर्षांत पहिल्यांदा.

थर्मास उघडताना बाबांनी माइक काढून दिला.
चिकटपट्टीला छातीचे चार पांढरे केस.
"आलं का काही त्यात?"
"वारा," मी म्हटलं. "बराच वारा."
ते झाकण पुसत राहिले,
कोरडं झालं तरी.

रात्री संकलनाला बसले.
दोन टिच्, पडद्यावर दोन उभ्या रेघा,
काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या.
त्यांवर सकाळचा वारा पसरला,
दोन्ही टोकांना थोडा जास्त,
म्हणजे सांधा कळत नाही.
सकाळचाच एक फुकट गेलेला शॉटही सापडला,
ऑटोफोकस चुकून चालू राहिला होता तेव्हाचा:
एक ओली काटकी, लख्ख,
मागे सगळं धुकं.

तो घेतला. अडीच सेकंद.
मंडळाच्या फिल्ममध्ये आता
फांदी आड येते.