उरलेल्या दोघी

रामबागेतली शाळा. दुपारचे अडीच.
वीज गेलेली, खिडकीतून कचोरीच्या तेलाचा वास,
आणि अकरावीचा वर्ग निम्मा झोपेत.

मी फळ्यावर लिहिते :
नऊ मुली. स्नेहसंमेलन.
चौघी नाटकात, तिघी सजावटीला,
दोघी दारात चपला राखायला.
किती प्रकारे?

नऊतून चार : एकशे सव्वीस.
पाच उरल्या. पाचातून तीन : दहा.
दोन उरल्या. दोनातून दोन –
इथे माझा खडू दर वर्षी जरा घाई करतो –
एक.
गुणा. बाराशे साठ.

मागच्या बाकावरून हिमांशू विचारतो,
'बाई, तो शेवटचा एक लिहायचाच कशाला?
एकने गुणून काय बदलतं?'

काही नाही बदलत, बाबा.
सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात
मी त्या एकमध्ये होते.
मी आणि कुंदा दिघे.
आत टाळ्या पडत होत्या, आम्ही बाहेर
पाहुण्यांच्या चपला जोडीजोडीने लावत होतो,
खिशातली शेव मोजून खात होतो.
आम्हाला कुणी नाकारलं नव्हतं.
निवडलंही नव्हतं.
बाईंच्या कागदावरची जागा संपली
तेव्हा आम्ही उरलो होतो, इतकंच.

ओजल पाथ्रीकर उभी राहते.
हिचा हात कधी वर जात नाही, ही सरळ उभीच राहते.
'आधी चपलावाल्या दोघी निवडल्या तर?'

नऊतून दोन : छत्तीस.
सातातून तीन : पस्तीस.
चारातून चार : एक.

छत्तीस पंचे एकशे ऐंशी, छत्तीस त्रिक एकशे आठ...
सव्वीस वर्षं हेच शिकवतेय,
तरी आज बोटांवर पुन्हा ताळा केला.
बाराशे साठ.
उत्तर तेच. फक्त तो एक
आता नाटकवाल्यांच्या वाट्याला.

घंटा झाली तरी मी फळा पुसला नाही.

यंदाची यादी करताना
पहिली ओळ चपलांची लिहिली.
समोर दोन जागा. कुणी नाव देईना,
सगळ्या वहीत तोंड घालून बसलेल्या.
मग एका जागी माझंच लिहिलं.
दुसरीसाठी नऊतून एक, म्हणजे नऊ प्रकार,
मी ओजलकडे पाहिलं.

'मला नाटकात घ्या हं, बाई,'
ती म्हणाली, अगदी पटकन.