इंदरमावशीची भट्टी

भूममध्ये पहाटे चारला मावशी भट्टी पेटवते.
बाभळीची लाकडं, चाळीस लिटर दूध,
कमरेएवढं उलथणं.

सुट्टीत मी तिच्याजवळ पाट टाकून बसते,
मांडीवर लॅपटॉप.
पडद्यावर सूर्याचा एक तुकडा: दाणेदार, खदखदता,
एकेक दाणा जवळपास महाराष्ट्राएवढा,
फुगतो, बसतो, शेजारच्याला ढकलतो.
"ह्यो कुनाच्या कढईतला?" तिनं विचारलं होतं,
पहिल्याच दिवशी.

मी सांगितलं:
पृष्ठावर साडेपाच हजार अंश,
जरा वर गेलं की चार हजार.
इथवर सगळं चुलीच्या न्यायानं.
मग उलटंच. ग्रहणात दिसते ती पांढरी झालर
दहा लाख अंश, कुठं वीस लाख.
म्हणजे चुलीपासून लांब सरकावं
आणि पाठ भाजून निघावी.

मावशीनं उलथणं थांबवलं नाही.
थांबवलं तर लागतं.
"मंग मधी कुनीतरी राबत आसंल," म्हणाली.

मधे. होय, तिथंच तर आम्ही बघतोय.
त्या खालच्या पातळ थरात
चुंबकी दोर उभे, पाय उकळीत रोवलेले.
उकळी पाय सरकवते, दोरांना पीळ बसतो,
एखादा तटकन तुटून दुसऱ्याला जुळतो,
काहींतून नुसत्या लाटा वर चढतात.
आणि कारंजी, हजारोंनी,
कढईतून उडणाऱ्या शिंतोड्यांसारखी,
चहा गार व्हायच्या आत विरून जाणारी.
यातलं कुणाचं किती, यावर अजून भांडणं आहेत.
माझ्या वाट्याला तीन वर्षांची कारंजी मोजायला आलीत.

खवा दुपारच्या आत बार्शीच्या गाडीत चढला.

रात्री तिच्या उजव्या खांद्याला बाम लावत होते.
जाळ दिवसभर कढईखाली,
खांदा त्याच्यापासून दोन हात वर,
वाऱ्याच्या बाजूला.
तरी हाताला चटका बसावा इतका तापलेला.
मनगटावर शिंतोड्यांचे जुने डाग,
मी ते मोजायला लागले. सवय.

"तुझ्या सूर्याचा खांदा कोन चोळतंय गं?"
डोळे मिटूनच तिनं विचारलं.
मी हसले. मग हसू थांबलं.

जाळ वर चढलाच नव्हता तिच्या अंगात.
चढली होती ती ढवळ.

सकाळी वहीत तेवढंच लिहिलं,
खाली प्रश्नचिन्ह काढलं,
आणि चार वाजले म्हणून
लाकडं आणायला उठले.