स्टूल

शिरोलीच्या फौंड्रीत, मार्चअखेरीस,
मला पुढच्या वर्षाची उद्दिष्टं लिहायची होती.
साहेबांनी रकाने आखून दिलेले :
पंचावन्नच्या पुढचे कामगार किती, त्यातले किती टिकवणार,
कधीपर्यंत, टक्क्यांत.

मी सत्तर लिहिलं. खोडलं. ऐंशी लिहिलं.
आकडा चढवायला काही लागत नाही,
पंख्याखाली तर नाहीच.

मग खाली गेले. भट्टीतनं दुसरा रस निघायच्या आधी
बाबालाल नदाफ वाळू बघत होते,
मूठ आवळून, उघडून, ढेकूळ दोन बोटांनी मोडून,
कड कशी तुटते ते.
लॅबचा कागद वीस मिनिटांनी आला.
त्यांनी पाणी आधीच कमी करायला लावलं होतं.

"मामा, कंपनीनं तुमच्यासाठी काय करावं?"
मी वही उघडली. सन्मान, प्रशिक्षण, आरोग्य शिबिर,
सगळे शब्द तयार होते माझ्याकडे.
ते गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबले.
"एक स्टूल द्या की. लई न्हाई, एक.
आन् ह्या पोराला माझ्याजवळनं हलवू नका.
दर म्हैन्याला नवं पोरगं. कुणाकुणाला मूठ दाखवू?"

स्टोअरचे चौगुले म्हणाले, स्टूलला कोड नाही.
खुर्चीला आहे, पण ती ऑफिसची.
इंडेंट टाका, एप्रिलात बघू.

मी कँटीनमधलं उचललं. लोखंडी, एक पाय आखूड.
चार दिवस त्यावर त्यांचा डबा बसला,
भाकरी, खर्डा, कागदात गुंडाळलेला कांदा.
"बसलेला माणूस दिसला की सुपरवायझरला वाटतंय,
ह्याचं झालं आता."
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मला कळेना.

पाचव्या दिवशी बसले.
आखूड पायाखाली फुटक्या कास्टिंगचा तुकडा सरकवलेला.
समोर पोरगं, सुयोग का सुयश,
मूठ आवळून उभं.
"उघड," म्हणाले.
ढेकूळ हातातच भुरभुरलं.
"परत."

वर टेबलावर ऐंशी टक्के तसेच पडलेले.
त्याखाली मी पेनानं लिहिलं :
स्टूल, नग बारा.
पोरगं, एकाला एक. बदली नाही.
साहेब विचारतील, हे मोजणार कसं.

खाली अजून चाललं होतं,
"परत."