उजव्या गालावरचा तीळ

शांबा चितारी मूळचा कुंकळ्ळीचा.
बाप-आजे पाटांवर, पाळण्यांवर लाख चढवायचे,
हा मडगावात आला आणि माणसांचे चेहरे काढू लागला.
कॅनव्हास परवडायचा नाही.
पोदेराकडून पिठाची रिकामी पोती आणायचा,
खळ लावून चौकटीवर ताणायचा.
आमच्या घरातलं चित्र उलटं केलं
तर अजून फिकट निळी अक्षरं दिसतात :
कुठल्याशा गिरणीचं नाव, आणि पन्नास किलो.

त्या पन्नास किलोंवर माझे बाबा बसलेत,
मान ताठ, टोपी मांडीवर.
नारळांच्या एका पाडणीच्या पैशांत
आईने हट्टाने काढून घेतलेले.
फोटो त्यांचा एकही नव्हता.

पंचावन्न साली ते मागच्या दाराने गेले.
मी पोटात होते, पाच महिन्यांची.

पोलिसांना चेहरा हवा होता.
त्यांनी शांबाला उचललं,
कमांदांतच्या खोलीत कागद दिला, कोळसा दिला :
आठव आणि काढ.
त्याने काढला.
नाक तेच. भुवया त्याच.
कानाची पाळी गालाला चिकटलेली, तीही.
शेजाऱ्यांना दाखवला तर कुणालाही
नाही म्हणता येऊ नये, इतका तो खरा.
फक्त डाव्या गालावरचा तीळ
त्याने उजवीकडे ठेवला.

त्याच रात्री तो आमच्या घरी आला,
कंदिलावर हात धरून.
आईने भाताच्या कणगीतून चित्र काढलं.
दोन बोटं कातडीचा रंग डाव्या गालावर,
एक काळा ठिपका उजव्या.
चहासुद्धा न घेता गेला.
सकाळी झडती झाली. शिपायांनी कागद आणि चित्र
शेजारी शेजारी धरलं, आणि मान हलवली.

बोरीच्या धक्क्यावर एका पाकल्याने
बाबांच्या उजव्या गालाशी कंदील नेला होता म्हणे.
बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, जा.
हे होडीवाल्याने सांगितलं, सहा वर्षांनंतर.
त्याच्यापुढचं कुणीच सांगितलं नाही.

शांबाला मात्र बाजारात
पाकल्यांचा चितारी म्हणत.
त्याने कमांदांतचंही चित्र केलं होतं,
मिशीचा केस न् केस.
पोटाला लागतं, एवढंच बोलायचा.
पुढे मानपत्रांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.
पुरावा म्हणून काय जोडणार होता तो?
एक तीळ?

बासष्टच्या मेमध्ये तो पुन्हा आला,
ब्रश आणि तेलाची बाटली घेऊन.
म्हणाला, वहिनी, आता जागच्या जागी करतो.
आई चित्रासमोर उभी राहिली,
पदराने हात पुसत, जसं पाहुण्यासमोर.
“आसूं दी थंयच,” म्हणाली.
“तो तीळ तांच्याबरोबर चलला.”
त्याने बाटलीचं बूच परत लावलं.
त्या दिवशी मात्र चहा घेतला, दोन कप.

मी बाबांना पाहिलेलं नाही.
माझ्यासाठी तीळ उजवाच.
माझा डाव्या गालावर आहे.
लोक म्हणायचे, बापाचा घेतलाय,
आणि मला वाटायचं, चुकून.

आता शांबा नाही, आई नाही.
तेलरंग म्हातारा झाला की पातळ होतो,
खालचं वर येऊ लागतं.
गेल्या चतुर्थीला चित्र पुसताना
डाव्या गालावर काहीतरी करडं दिसलं.
धूळ वाटली. फडकं फिरवलं, गेलं नाही.
खिडकीपाशी नेऊन पाहिलं.

कुणाला हाक मारली नाही.
फडकं तेवढं बदललं,
मऊ, जुन्या लुगड्याचं घेतलं.