उघडा तळहात

डिसेंबरात लोफोटेनला सूर्य उगवत नाही.
आयलर्टच्या सात बोटी, अकरा खोल्यांचं घर.
रात्री तो दिवे लावत फिरतो.
किनाऱ्यावरून दिसतं आम्हाला:
पुढची खिडकी पेटते,
मागची विझत नाही.

मी चर्चमध्ये मेणबत्त्या लावते, दानाची थाळी मोजते.
त्याची नोट करकरीत, घडी न मोडलेली.
बोर्गहिल्ड म्हातारीच्या नाण्यांना माशांचा वास.

परवा प्रभुभोजनाला तो पहिल्यांदाच रांगेत आला.
पाळकबाईंनी भाकर पुढे केली.
त्याच्या एका हातात हातमोजे,
दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा.
बाई थांबल्या. काही बोलल्या नाहीत.
भाकर घ्यायला तळहात रिकामा लागतो,
एवढं त्या कॉड विकणाऱ्याला
साठाव्या वर्षी उमगत होतं.
वेदीच्या कठड्यावर किल्ल्या खणखणल्या.

तुकडा मिळाला बोर्गहिल्डइतकाच.
तो रडला का? सांगता येत नाही,
मेणबत्त्या धुरकटल्या होत्या.

किल्ल्या तिथंच विसरला.
बुधवारी द्यायला गेले, तर दार नुसतं लोटलेलं.
एकच दिवा, स्वयंपाकघरातला.
बटाटे उकडत होते.
किल्ल्यांकडे त्यानं पाहिलंही नाही.
"बस," म्हणाला,
"दोघांना पुरतील."