घरचा अभ्यास

आमच्याकडे सगळाच अभ्यास घरचा,
त्यामुळे 'घरचा अभ्यास' म्हणून वेगळा मिळत नाही.
सकाळी टेबलावरचे पोह्यांचे कण पुसले
की तिथेच नववीचा वर्ग भरतो.
हजेरी आई घेते, ऑफिसला निघताना,
एक पाय चपलेत : "उठलीस का?"

विषय, पर्यावरण व्यवस्थापन.
बाबांनी निवडला. म्हणाले, रसायनशास्त्राला
प्रयोगशाळा लागते, याला खिडकी पुरते.

लिफ्टमध्ये सबनीस काका दर वेळी विचारतात,
शाळा नाही, मग मैत्रिणी?
आहेत की, मी म्हणते.
म्हणजे शेवंता मावशी आहे,
ओला कचरा, सुका कचरा, आणि माझ्याशी दहा मिनिटं.

पुस्तक परदेशी बोर्डाचं.
त्यातली प्रत्येक नदी निळी,
आणि तिच्या काठावर बाण काढून लिहिलेलं असतं
कोण काय सोडतं.
रामनदीला कुणी बाण काढलेले नाहीत.
बावधनच्या पुलाखाली ती
गाद्यांचा कापूस अडकवून पाषाणकडे जाते.

म्हणून फराळाच्या डब्याचं झाकण घेतलं,
दोन पाव काळे रंगवले, दोन पांढरे,
मधोमध भोक, त्यातून सुतळी,
दर पाच सेंटिमीटरला एक गाठ.
पाण्यात सोडायचं.
झाकण दिसेनासं झालं की गाठी मोजायच्या.
भंगारवाल्या युनूसभाईंनी विचारलं, मासे?
म्हटलं, नाही, गढूळपणा.
ते म्हणाले, तो तर वरूनच दिसतो, बेटा.

सोळा दिवस.
सकाळी सातला तीन गाठी.
दुपारी तीनला सहा, कधी सात.
मी आलेख काढला, पेन्सिलला टोक केलं,
तो पुन्हा काढला.

शेवंता मावशीला दाखवला तर ती पोत्यावर बसून हसली.
"रातच्याला सोडत्यात गं.
ह्याला वही कशाला लागती?"
आणि बोटाने दाखवला पाइप,
करंजाच्या मागचा, काठावरचा सातवा.
त्याचं दुसरं टोक शोधत गेले
तर आमच्याच सोसायटीची भिंत.

भिंतीपलीकडे सांडपाण्याचं यंत्र.
ते बघणाऱ्या माणसाचं नाव भगीरथ.
मी हसले नाही.
तो म्हणाला, अकरा ते पाच बंद ठेवतो, ताई.
विजेचं बिल. खजिनदार साहेबांनी सांगितलंय.

खजिनदार साहेब माझे बाबा.
दिवाळीनंतरच्या सभेत
दरमहा अकरा हजार वाचले म्हणून टाळ्या पडल्या होत्या.
सामोसे मीच वाटले होते.

प्रश्न चौथा. प्रदूषणाचा स्रोत ओळखा. (२ गुण)

ज्या पेनाने बाबा माझी वही तपासतात
त्याच पेनाने बिलांवर सही करतात.
हे मला आधीपासून माहीत होतं,
पण त्या रात्री मी पेनाकडेच बघत बसले.
त्यांनी उत्तर वाचलं.
मग आलेख बघितला, मग पुन्हा उत्तर.
स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आईने गॅस बंद केला.

"उभ्या अक्षावर एकक लिहिलेलं नाहीस,"
बाबा म्हणाले. "अर्धा गुण गेला."
दोनपैकी दीड लिहिलं, त्याखाली सही केली,
सवयीने तारीखही घातली.
मग चप्पल घालून खाली गेले.
किती वेळाने परत आले, मला कळलं नाही.
खिडकी उघडी ठेवली होती,
मोटारीचा आवाज ऐकू येतो का बघायला,
पण हायवेवरचे ट्रक मध्ये येत होते.

सकाळी सातला पुलावर गेले.
सुतळी सोडली.
एक. दोन. तीन.
तिसरी गाठ भिजली तरी झाकण दिसत होतं,
म्हणजे त्याचा पांढरा भाग,
म्हणजे दिसत असावा.
चौथीपर्यंत गेलं नाही.

पुस्तक म्हणतं, एक नोंद म्हणजे पुरावा नव्हे.
बरोबर आहे. उद्या परत यायचंच आहे.
आज वहीत लिहिलं,
'तीन गाठी आणि थोडं.'
थोडं हे एकक नाही, मला ठाऊक आहे.
कापा अर्धा गुण.