मोरछाप

मोर बापानं कापला होता, तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून.
छिन्नी लावून बसला, आख्खा पोळा त्यातच गेला.
पायापर्यंत येता येता पत्रा संपला
म्हणून आमच्या मोराला पाय नाहीत.

पंचवीस वर्षं मी तोच पत्रा गाठीवर धरतो,
वरून निळा कुंचला फिरवतो.
लॉट नंबर, गाठ नंबर, वजन एकशे सत्तर किलो,
मोर.
मारेगावच्या फाट्यावरून तो ट्रकात बसायचा
आणि थेट नारायणगंजला उतरायचा.
मी कधी गेलो नाही.
जसवंतशेठ सांगायचे, तिथला गोदामवाला अक्षर वाचत नाही,
मोर बघतो आणि दार उघडतो.

त्या चैतात दारच बंद झालं.
सीमेवरून लतीफ ड्रायव्हरचा फोन,
"पुढं पोलीस, मांगं पोलीस. झाडाखाली भाकर थापतो.
तुह्या मोराले पाणी पाजू का बे?"

प्रेसवरची बालाघाटची पोरं रात्रीच पायी निघाली.
तिघांचे दुपट्टे पट्ट्यावर तसेच.
सकाळी फर्मान आलं, नाकातोंडाला कापड बांधा.
शेवंता मडावी कवडी वेचता वेचता हसली.
ती अठरा वर्षं बांधूनच होती.
"सरकारले बी आता आमचा खोकला लागला."

शेठनं आधी भाव तोडला,
मग फोन उचलणं सोडलं.
मग गेटवर सरकार आलं :
एक टेबल, सॅनिटायझरची बाटली, खिरटकर साहेब,
मोबाईलवर टोकन, दिवसाला वीस गाड्या.
साहेब चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत ओढायचे,
देवापुढची वात वळावी तसे,
आणि म्हणायचे, "फरदड. परत न्या."
हमीभाव हा शब्द मी तोवर सभेतच ऐकला होता.
आता त्याला काटा होता, पावती होती,
आणि फाट्यापासून नाल्यापर्यंत रांग.
खोटं कशाला बोलू,
माझी मजुरी त्याच शब्दातून निघाली,
दर शनिवारी, एकही न चुकता.

फक्त मोर ठेवून द्यायला सांगितला.
"पक्षी नको. अक्षरं पाहिजेत."
नवा पत्रा नागपूरहून आला, यंत्रानं कापलेला,
काठ असे गुळगुळीत की बोटाला लागेनात.
केंद्राचा नंबर, हंगाम, महामंडळाचं नाव.
पत्ता नव्हता.
मी विचारलं, साहेब, गाठी कोणासाठी?
"सध्या कोणासाठीच नाहीत."

मग मी तेच लिहीत राहिलो, दिवसाला शंभरदा.
गोदाम भरलं, मग अंगण,
मग चौकीदाराच्या कोंबड्या फिरायच्या ती जागा.
ताडपत्रीखाली एक गाव वसलं.
गल्ल्या होत्या, कोपरे होते,
कोणी कोणाकडे जात नव्हतं.

दिवाळीच्या पुढं-मागं कळलं, माल उठणार.
कुणी म्हणे चीनचं बिनसलं, कुणी म्हणे व्हिएतनामचं जमलं,
कुणी म्हणे दोन्ही अफवा, ढाक्याचेच लोक घेतायत.
शेठ परत दिसू लागले.
खुर्ची तीच, टेबलाची बाजू दुसरी,
साहेबांसाठी चहा सांगत.
यंदा ट्रक नाही, रेल्वे.
वणीला वाघिणी लागल्या होत्या.

शेवटच्या खेपेला मी खोक्यातून बापाचा पत्रा काढला.
मानेपाशी गंज चढलेला.
निळा रंग नव्हता, सरकारी काळाच उरला होता.
एका गाठीच्या खालच्या अंगाला मोर उठवला
आणि बोट बुडवून दोन रेघा ओढल्या.
पाय.
चालत जायची वेळ आली तर असावेत.

माघात पोचपावती आली, साहेबांनी वाचून दाखवली.
गाठी बरोबर. वजन बरोबर.
शेरा : एका गाठीला खालून डाग.
भाव कापलेला नाही.